मित्तराँला कशावरून जोखायचं, १९८१ वरून की अल्जीरियावरून?

पाऊलवाट:
फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या फ्रान्स्वा मित्तराँचा विषय निघाला की लोक लगेच त्यांनी लपवलेल्या कॅन्सरवर नाहीतर लपवलेल्या मुलीवर येतात. माझ्यासाठी ते दुय्यम आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत १९६५ ला द गॉलकडून हरलेला, १९७४ ला जिस्कारकडून अगदी थोडक्यात हरलेला माणूस तिसऱ्यांदा उभा आहे, वय ६४, आता नाही तर कधीच नाही, आणि मतदान तोंडावर असताना १६ मार्च १९८१ ला टीव्हीवर त्याला मृत्युदंडाबद्दल विचारतात. बहुसंख्य फ्रेंच लोक तेव्हा मृत्युदंडाच्या बाजूने होते. तरी सरळ सांगितलं की मी मनापासून विरोधात आहे, सर्व्हे उलटं सांगतात ते वाचायची मला गरज नाही. मे महिन्यात निवडून आले, जूनमध्ये रोबेर बादँतेर यांना न्यायमंत्री केलं, सप्टेंबरात नॅशनल असेंब्लीत ३६३ विरुद्ध ११७ मतांनी विधेयक पास, ९ ऑक्टोबरला कायदा. गिलोटिन, म्हणजे मुंडकं उडवायचं यंत्र, संपलं. मते जातील हे दिसत असताना असं बोलणारा नेता मी तरी मोठाच मानतो.

तिसरी घंटा:
आणि त्याआधीचं काय? हाच माणूस १९५६-५७ मध्ये पंतप्रधान गी मोलेच्या सरकारात न्यायमंत्री होता. फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं, आणि याच्या काळात तिथे ४५ जणांना गिलोटिनवर चढवलं. त्यातला फेर्नां इव्हतों हा गॅस कारखान्यातला कम्युनिस्ट कामगार. त्याने ठेवलेला बॉम्ब फुटायच्या आधीच सापडला, कुणाला साधं खरचटलंही नाही. तरी ११ फेब्रुवारी १९५७ ला अल्जीयर्सच्या तुरुंगात त्याचं मुंडकं उडवलं, आणि मित्तराँचं मत दयेच्या विरोधात होतं. मेंदेस फ्रान्स नावाच्या मंत्र्याने त्याच सरकारातून राजीनामा दिला, हा मात्र खुर्चीला चिकटून राहिला कारण त्याला पंतप्रधान व्हायचं होतं. २५ वर्षांनी मनापासून विरोध कुठून आला म्हणे?

पाऊलवाट:
इव्हतोंबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे आणि ते भयंकर आहे. दया द्यायचा शेवटचा अधिकार राष्ट्राध्यक्ष कोतींकडे होता, पण त्याने मित्तराँ सुटत नाहीत. माझा मुद्दा वेगळा आहे. बादँतेर बघा, वडील नाझींच्या छळछावणीत गेले, वकील म्हणून स्वतःचा अशील गिलोटिनवर जाताना डोळ्यांनी पाहिला, मग पुढची सगळी वर्षं याच एका गोष्टीसाठी लढले. त्यांनी आयुष्यभर सांगितलेलं प्रत्यक्षात यायला एक राष्ट्राध्यक्ष लागत होता. जिस्कारना मृत्युदंडाचा तिटकारा आहे असं ते स्वतः म्हणायचे, पण त्यांच्या कारकिर्दीत गिलोटिन चालूच राहिलं, शेवटचं १९७७ ला मार्सेयमध्ये.

काळी माती:
तुम्ही दोघंही सामान्य माणसाला विसरताय. १० मे १९८१ च्या रात्री, मित्तराँ निवडून आले तेव्हा, पॅरिसच्या बास्तीय चौकात लोक पावसात नाचले ते रोजच्या जगण्यासाठी. आठवड्याचे ३९ तास, भरपगारी रजेचा पाचवा आठवडा, साठीला निवृत्ती, श्रीमंतांवर संपत्ती कर, हे सगळं दिलं त्याने, नाही म्हणत नाही. पण फ्रँकचं तीनदा अवमूल्यन झालं आणि मार्च १९८३ ला सगळं उलटं फिरवलं. युरोपच्या चलनव्यवस्थेत राहायचं म्हणून खर्च कापले, कर वाढवले, पोलाद कारखान्यांतल्या लोरेनच्या कामगारांना १९८४ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर यावं लागलं, स्वतः निवडून दिलेल्या सरकारविरुद्ध! डाव्यांचा विश्वास तिथे तुटला तो आजपर्यंत नीट जुळलेला नाही.

पहाटवारा:
काळी माती, मग करायचं काय होतं? महागाई दोन आकडी, बाजूचे देश खर्च आवळतायत आणि एकटा फ्रान्स पैसा ओततोय, तो पैसा जर्मन माल घ्यायला बाहेर चाललाय. त्या चलनव्यवस्थेतून बाहेर पडले असते तर फ्रँक अजून कोसळला असता आणि पहिला मार गरिबालाच बसला असता.
मृत्युदंडाबद्दल एक सांगते. फिलीप मोरीस नावाचा तरुण, पोलिसाच्या खुनासाठी १९८० ला मृत्युदंड झालेला. मित्तराँनी सत्तेवर येताच त्याला माफी दिली. तो तुरुंगात शिकला, मध्ययुगीन इतिहासात डॉक्टरेट केली, २००० मध्ये सुटला आणि संशोधक झाला. हे एक उदाहरण मला पुरेसं आहे.

तिसरी घंटा:
पहाटवारा, इव्हतोंने तर कुणाचा जीवही घेतला नव्हता, त्याला का नाही ही संधी? आणि १९८२ चं बघा, अल्जीरिया फ्रान्सकडेच राहावा म्हणून बंड करणाऱ्या सेनापतींना निवृत्तीचे हक्क परत द्यायला याने कायदा आणला, स्वतःच्याच पक्षाचे खासदार अडून बसले तर घटनेतलं कलम ४९.३ वापरून मतदानाशिवाय रेटला. १९४२ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये झालेल्या वेल दिव्हच्या ज्यू धरपकडीतला पोलीसप्रमुख बूस्के, त्याच्याशी युद्धानंतर मैत्री ठेवली. म्हणजे सेनापतींना माफी, बूस्केला मैत्री. १४ वर्षं एलिझेमध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात, बसून त्या ४५ जणांसाठी जाहीर माफीचा एक शब्द काढला नाही.

पाऊलवाट:
माफी मागायलाच हवी होती, त्यावर वाद नाही. पण मनात काय होतं याचा निवाडा होईपर्यंत कायदा थांबवायचा का? पश्चात्ताप म्हणून आणला असो की पटलं म्हणून, १९८१ नंतर फ्रान्समध्ये एकही माणूस गिलोटिनवर गेला नाही, आणि २००७ मध्ये ती बंदी थेट घटनेत घातली, तीही उजव्या विचारांचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांच्या काळात.

तिसरी घंटा:
कायदा थांबवा असं कोण म्हणतंय? श्रेय बादँतेरना द्या, पूर्ण द्या. मित्तराँचं नाव घ्याल तेव्हा इव्हतोंचंही घ्या, एवढंच मागतोय.