विचार म्हणजे निव्वळ रसायन का?

रानवाट: काल येथे एका सदस्याने ठामपणे लिहिले, की विचार म्हणजे डोपामिन व सेरोटोनिन या मेंदूतील रसायनांची घटबढ असून बाकी सारा भ्रम आहे. मिठाने आमटी खारट होते, म्हणून आमटी म्हणजे मीठ नव्हे. रसायने तीच असताना तुमच्या मनात एक आणि माझ्या मनात दुसरा विचार का येतो, याचे उत्तर त्या लेखनात नाही.

औषधविक्रेता: उपमेने पुरावा खोडला जात नाही. १९५७ साली स्वीडिश शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी सशांना मेंदूतील डोपामिन आटवणारे रेसर्पिन हे औषध दिले, तेव्हा ते निपचित पडले. ज्यापासून शरीरात डोपामिन बनते, ते एल-डोपा टोचल्यावर थोड्याच वेळात पुन्हा हिंडू लागले. त्याच वाटेने डोपामिनचे मेंदूतील कार्य उलगडले.

वैद्यकन्या: रेसर्पिन सर्पगंधेतून काढतात, हे लिहायला काय हरकत होती? मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा गुण १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडला. माझे आजोबा भ्रमिष्ट रुग्णांना त्या मुळीचे चूर्ण देत असत.

औषधविक्रेता: मुळी आपली, हे मान्य. परंतु तिच्यामुळे मेंदूत काय घडते, हे आजोबांना ठाऊक नव्हते.

वैद्यकन्या: आजोबांवर घसरू नका! रुग्ण उदास दिसू लागला की मात्रा कमी करायची, हे ते रुग्णाच्या चेहऱ्यावरून ओळखत.

पैलतीर: भांडण थांबवा. माझ्या वडिलांना कंपवात होता. डोपामिनसारखे काम करणाऱ्या गोळीची मात्रा वाढवल्यावर, जन्मात पत्त्यांना हात न लावलेला हा माणूस लॉटरीची तिकिटे गादीखाली साठवू लागला. मात्रा उतरवल्यावर तो नाद सुटला. तोवर आम्ही त्यांना जे बोललो, ते आठवले की जीव तुटतो. विचार रसायनापलीकडचा असतो, असे मला कोणी सांगू नये.

रानवाट: नाद गोळीने लावला, हे मला मानावेच लागेल. ती तिकिटे कोणत्या आकड्यांची असत?

पैलतीर: शेवटी १७ हवेच, असा त्यांचा हट्ट असे. आई १७ तारखेला गेली.

रानवाट: मग तो १७ गोळीत नव्हता. ओढ डोपामिनने वाढवली असेल, पण ती कोणत्या आकड्याकडे वळावी, हे त्यांच्या संसाराने मेंदूतील पेशींच्या जोडण्यांत कोरून ठेवले होते.

औषधविक्रेता: ते कोरणेही ग्लुटामेट हे मेंदूतील आणखी एक रसायन आणि पेशीत शिरणारे कॅल्शियम यांच्यावाचून होत नाही. मात्र केवळ घटबढ मोजून १७ सापडणार नाही, एवढे तुमचे म्हणणे मी मान्य करतो.