टुटूने फॅशन घडवली म्हणे! (उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा)

टाचणी
कालपासून एक लेख फिरतोय. सार एवढंच: १८३२ साली बॅले नर्तकी मारी ताग्लिओनी पॅरिसच्या ऑपेरात टुटू (बॅलेतला फुगीर घेराचा पातळ पोशाख) घालून उभी राहिली, बाईचे पाय मोकळे झाले, आणि फ्रेंच फॅशनकार दियोरपासून आजच्या नेटच्या स्कर्टपर्यंत सगळी फॅशन त्या एका घेरातून निघाली. खाली 'वा, नवीन माहिती मिळाली' म्हणणाऱ्यांची रांग. एक ओळ खरडून गप्प बसणार होते, जमलं नाही.

ताग्लिओनीच्या त्या बॅलेतला, 'ला सिल्फीद'मधला, पांढरा पोशाख घ्या आणि त्या काळातलं पॅरिसच्या बायकांचं संध्याकाळच्या कपड्यांचं कुठलंही चित्र शेजारी ठेवा. उघडे खांदे, आवळलेली कंबर, घंटेच्या आकाराचा घेर. सगळं आधीच बाजारात होतं. नाचासाठी कापड पातळ केलं, नक्षी काढून टाकली, लांबी आखडली, झालं. उसनवारी केली ती टुटूने, फॅशनकडून. आणि पायांचंच म्हणाल तर मारी कामार्गो या नर्तकीने घोटे दाखवून शंभर वर्षं आधी बोंबाबोंब करून घेतली होती.

आपण ज्याला टुटू म्हणतो तो आडवा, ताटासारखा प्रकार तर आणखी पन्नास वर्षांनी आला. इटालियन नर्तकींचं तंत्र एवढं पुढे गेलं होतं की पाय दिसल्याशिवाय ते कळणारच नव्हतं. त्यांच्यातली विर्जिनिया झुक्की १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेली ती तिथल्या शिरस्त्यापेक्षा आखूड स्कर्टच घालणार म्हणून अडून बसली. दहा वर्षांनी दुसरी इटालियन, लेन्यानी, हिने 'स्वान लेक' बॅलेत एका पायावर बत्तीस फुएते, म्हणजे सलग गिरक्या, मारल्या. त्या पोटरीपर्यंतच्या घेरात मारून दाखवा.

मी इंग्लंडात एका वेशभूषा विभागात हेच शिवते. चड्डीवर नेटचे दहा-बारा थर, सगळ्यात खालचा दोन बोटं, वरचा दीड वीत. सैल टाक्यांनी एकमेकांना धरलेले, एका थरात तारेची कडी. पाठीवर हुकांच्या दोन-तीन ओळी, कारण तोच पोशाख पुढे दुसरीच्या, तिसरीच्या अंगावर चढतो. आत नावांच्या पट्ट्या एकाखाली एक. घेर लोंबू नये म्हणून उलटा टांगायचा. धुवायचा नाही, वास घालवायला व्होडका फवारायची. हा कामाचा कपडा आहे. फॅशनला त्यातला फक्त फुगीरपणा हवा असतो.

मुठाकाठचा
ताई, तुम्ही शिवता म्हणून तुम्हाला टाकेच दिसतात. प्रभाव म्हणजे काय टाक्याला टाका जुळवायचा असतो? दियोरने फेब्रुवारी १९४७ मध्ये 'न्यू लूक' आणला. त्याच वर्षी तो नृत्यदिग्दर्शक रोलाँ पेतीच्या बॅलेचे पोशाख करत होता. चिमटलेली कंबर, पोटरीपर्यंतचा फुगीर घेर. आणखी काय पुरावा हवा, दियोरची सही? आणि २०१८ ची टेनिसपटू सेरेना? फ्रेंच टेनिस संघटनेच्या अध्यक्षांनी तिच्या काळ्या, अंगासरशा कॅटसूटवर नाक मुरडलं, काही दिवसांत ती यूएस ओपनला फॅशनकार व्हर्जिल ॲब्लोने केलेल्या टुटूत उतरली. हे सणसणीत उत्तर टुटूशिवाय देता आलं असतं?

टाचणी
सणसणीत उत्तर! तो पोशाख अध्यक्ष बोलायच्या आधीच जाहीर झाला होता हो. गोष्ट छान रंगते म्हणून तारखा मागेपुढे करायच्या का? आणि दियोरच्या डोक्यात फुलं होती, आईच्या काळातले कपडे होते. त्याने नाटकमंडळींसाठी काम केलं म्हणून त्याचा प्रत्येक घेर टुटू होत नाही.

बॅलेने फॅशनला खरं काही दिलं असेल तर ती चप्पल. युद्धात अमेरिकेत बुटांवर रेशन आलं, बॅलेच्या सपाता त्यातून सुटल्या. फॅशनकार क्लेअर मॅकार्डेलने कपेझिओ या नाचाच्या सपाता करणाऱ्या कंपनीकडून त्यांनाच जाड तळ लावून घेतला आणि बायका त्या घालून रस्त्यावर आल्या. पुढे १९५६ मध्ये नाचाचे जोडे करणाऱ्या रोझ रेपेत्तोने नटी ब्रिजित बार्दोसाठी तसाच जोड केला. आज तुमच्या ऑफिसात दहाजणींच्या पायात तेच असेल. टुटू कितीजणींच्या कमरेला आहे?

रावसाहेब_७१
मूळ मलमल आपली. घेर कथकचा. गिरकी कथकची. गोऱ्यांनी उचललं, आता आपणच त्यांचं कौतुक करतोय. बाकी चालू द्या.

कुजबूज
रावसाहेब, आलात! वाटच बघत होतो. १८३२ मध्ये ताग्लिओनीबाई लखनौला शिकवणी लावून आल्या होत्या का? उलटा प्रवास मात्र नोंदलेला आहे. विसाच्या दशकात रशियन बॅले नर्तकी ॲना पाव्हलोव्हा मुंबईत नाचून गेली. भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल आधी बॅलेकडे ओढल्या गेल्या, पाव्हलोव्हानेच त्यांना आपल्या देशातला नाच शोधायला सांगितलं. खंडाळ्याला नृत्यशाळा काढणाऱ्या नर्तकी मेनकाबाईंवरही तिची छाप होती. म्हणजे टुटूवालीनेच आपल्याला आपल्याकडे वळवलं. पचतंय का बघा.

रावसाहेब_७१
मेनका आमच्या वडिलांनी पाहिलेली आहे. मला शिकवू नका.

अनामिका_नाही
स्वातंत्र्य वगैरे वाचून हसू आलं. एमा लिव्ह्री कुणाला माहीत आहे का? ताग्लिओनीचीच लाडकी शिष्या. तेव्हा रंगमंचावर गॅसचे दिवे आणि अंगावर विरळ विणीचं खळ दिलेलं सुती कापड. पोशाख आगरोधक द्रावणात बुडवावेत असा हुकूम १८५९ मध्येच निघाला होता, पण त्याने कापड कडक आणि पिवळट व्हायचं. लिव्ह्रीने लेखी नकार दिला. १५ नोव्हेंबर १८६२ ला तालमीत घेर ज्योतीवर गेला. आठ महिने तळमळून वयाच्या विसाव्या वर्षी गेली. जळक्या पोशाखाचे तुकडे ऑपेराच्या संग्रहात ठेवलेत. तरंगल्यासारखं दिसावं म्हणून बाया जळत होत्या आणि इथे दियोर चाललाय.

मुठाकाठचा
नकार तिचाच होता ना? मग तिला बिचारी का करताय?

अनामिका_नाही
कडक, पिवळ्या घेरात नाचली असती तर दुसऱ्या दिवशी भूमिका कुणाला मिळाली असती? 'नकार तिचाच'! हेल्मेट घालत नाही म्हणून मेला, असं ज्या सुरात बोलतात तोच सूर आहे तुमचा.

सोनचाफा
अवांतर आहे, पण राहवत नाही. आमच्या कन्येला गॅदरिंगमध्ये परी केलं होतं. भाड्याचा फ्रॉक, खाली कॅनकॅनचे चार थर, अस्तर नावाला. पोरगी स्टेजवर नाचायचं सोडून मांड्या खाजवत उभी. घरी येऊन बघते तर गोवर उठल्यासारखं लाल. वर फ्रॉक एका जागी उसवला म्हणून दुकानदाराने डिपॉझिट कापलं.

कुजबूज
आमच्याकडे परी दोनदा झाली. दुसऱ्या वर्षी आतून जुनी सुती लेगिंग घातली, शांतता.

अनामिका_नाही
@सोनचाफा, अवांतर कसलं? हे नेट नायलॉनचं असतं, पेट घेतलं की वितळून कातडीला चिकटतं. फटाके उडवताना सुती कपडे घाला म्हणून आई ओरडायची ते उगाच नाही. आणि शाळेत नेटचे फ्रॉक घालून पणत्यांचा नाच बसवतात!

रावसाहेब_७१
अतिरेक. आमच्या पिढीने पणत्या घेऊन नाच केले, सगळे जिवंत आहेत.

अनामिका_नाही
जे नाहीत ते प्रतिसाद देत नाहीत, रावसाहेब.

रावसाहेब_७१
ही भाषा? संपादक लक्ष देतील का?

सोनचाफा
भांडू नका हो. यंदा पुन्हा परी आहे. शिंपी म्हणतो कॅनकॅन नसेल तर घेर बसेल, शोभा जाईल. काय करू?

मुठाकाठचा
धाग्याची पार गॅदरिंग झाली. चपलांचं घ्या, दिलं तुम्हाला. पण पन्नासच्या दशकात गल्लोगल्ली पोरी नेटचे पेटीकोट घालून हिंडत होत्या आणि तेव्हाच न्यूयॉर्कमध्ये वेशभूषाकार कारिन्स्का नृत्यदिग्दर्शक बालांशिनसाठी टुटू शिवत होती, हा निव्वळ योगायोग का? याचं उत्तर टाचणीताईंनी शिताफीने टाळलंय.

टाचणी
टाळलं नाही, शिफ्टवर होते. कारिन्स्काने १९५० मध्ये 'सिंफनी इन सी' या बॅलेसाठी काय केलं ते बघा. शेवटी पन्नासच्या वर नर्तक एकदम मंचावर, तारेच्या कड्या एकमेकींना धडकणार. म्हणून तिने कडी काढली, थर कमी केले, आखूड केले, सैल टाचले. कारण गर्दी, रस्त्यावरच्या पोरी नाहीत. योगायोग म्हणा, नाहीतर दोघींनाही नेट स्वस्तात मिळत होतं म्हणा. थोडीफार हवा लागली असेल, तेवढं देते, जास्त मागू नका.

@सोनचाफा, तुमच्या शिंप्यालाही तेच सांगा. कडी नको, बकरम नको. मऊ नेटचे तीन थर पुरतात, प्रत्येक थर वरच्यापेक्षा चार बोटं आखूड, चुण्या दाट. कमरेची शिवण दोन सुती पट्ट्यांच्या आत दाबायची, खाज तिथूनच सुटते. आतून गुडघ्यापर्यंत सुती अस्तर, अंगासरसं. पणत्या असतील तर नेट अजिबात नको, सुती कापडाला नुसत्या कळ्या वाढवा, गिरकीत घेर आपोआप उठतो.

रावसाहेब_७१
म्हणजे घागराच की.