मदत हवी आहे : फोनवर सहा टॅब बसत नाहीत, नावं तुटतायत

रानवाट
गावातल्या दूध डेअरीसाठी ॲप करतोय. वर सहा टॅब आहेत : संकलन, खातेदार, पशुखाद्य उधारी, ॲडव्हान्स, दहा दिवसांचं बिल, अहवाल. नावं मधूनच तुटतात, 'खातेदार'चा 'र' खालच्या ओळीत जातो. अक्षर बारीक केलं तर सचिवांना चष्मा लावूनही वाचता येत नाही. परवा दाखवायचंय. लवकर सांगा.

निळाई
ॲप कशात लिहितोयस? फ्लटर की कोटलिन? स्क्रीनशॉट टाक.

बांधावरून
टॅब काढ, डावीकडे तीन रेघांचा मेनू दे. आमच्या खताच्या दुकानाच्या ॲपमध्ये तेच केलं. सगळं मावलं.

निळाई
मावलं, पण लोकांना सापडतं का? मेनूत गेलेली गोष्ट डोळ्याआड होते.

बांधावरून
आमच्या गिऱ्हाइकांना सापडते. दोन वर्षं वापरतायत.

रानवाट
फ्लटर. आणखी एक, दुधाचे फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) भरताना मधेच उधारी बघून परत आलं की भरलेलं गायब होतं.

निळाई
अरे, हे आधी सांगायचंस! टॅबबारला 'इजस्क्रोलेबल' ट्रू कर, पट्टी आडवी सरकेल, नावं तुटणार नाहीत. मटेरियल ३ (गूगलची डिझाइन पद्धत) मध्ये मग डावीकडे ५२ पिक्सेल जागा सुटते, ती नको असेल तर 'टॅबअलाइनमेंट' स्टार्ट. भरलेलं टिकवायला त्या पानाच्या स्टेटला 'ऑटोमॅटिककीपअलाइव्हक्लायंटमिक्सिन' (टॅब बदलला तरी पान जिवंत ठेवणारा तयार कोड) लाव, 'वाँटकीपअलाइव्ह' ट्रू. बिल्डमध्ये सुपरचं बिल्ड बोलवायला विसरू नकोस.

शेणसडा
गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या खाली गेलं की आमच्याकडे दर कापतात. किती कापला ते शेतकऱ्याला तुमच्या ॲपमध्ये दिसणार का? पावतीवर नुसता आकडा असतो.

मधली_ओळ
रानवाट, दूध घेताना उधारी बघायला जावंच का लागतं? ज्या दोन गोष्टी एका वेळी लागतात त्या दोन टॅबांत ठेवल्या की माणूस नुसता ये-जा करतो, तेही मागे कॅन घेऊन रांग उभी असताना. खातेदार नंबर टाकला की नावाखालीच उधारीची बाकी दाखव. आणि संकलन रोज दोनदा लागतं, बिल दहा दिवसांनी. दोघांना एकाच पट्टीत सारखी जागा कशाला?

बांधावरून
म्हणजे बिल मेनूतच गेलं की!

रानवाट
मिक्सिन चाललं, आकडे राहतायत. बाकी नावाखाली घेतली. उधारी आणि ॲडव्हान्स खातेदाराच्या पानात टाकले. आता संकलन, खातेदार, बिल, अहवाल उरलेत, स्क्रोल न करता बसतात. शेणसडा, कपातीची ओळ पावतीत घालतो, सचिवांना विचारावं लागेल.