ग्रेट केप्पल आयलंड एका दिवसात: आईबाबांना घेऊन जाऊ का?

शिंपला

नमस्कार मंडळी, आम्ही ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडमधल्या रॉकहॅम्प्टनला राहतो, येऊन दीड वर्ष झालं. पुढच्या महिन्यात आईबाबा येतायत, पहिल्यांदाच, आणि आईचं फोनवर एकच चाललंय की मला गर्दी नको, मॉल नको, एक दिवस नुसतं समुद्राजवळ बसायचंय. म्हणून डोक्यात आलं की जवळच्या ग्रेट केप्पल बेटावर न्यावं. गाडीने रॉस्लिन बेपर्यंत पाऊण तास, तिथून फेरीने अर्धा तास, सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

पण ऑफिसात दोघांना विचारलं तर एक म्हणाला स्वर्ग आहे, डोळे मिटून जा, आणि दुसरी म्हणाली अगं तिकडे आता काय राहिलंय, मोठं रिसॉर्ट कधीच बंद पडलं, नुसती ओसाड जागा आहे. मी तेव्हापासून अडकलेय. बाबा ७१ चे आहेत, ठणठणीत आहेत, आईचा उजवा गुडघा मात्र दुखरा आहे. बेटावर जेट्टी (बोटीचा धक्का) नाही, वाळूतच उतरावं लागतं असं ऐकलं, ते तिला जमेल का? तिथे जेवायला काही मिळतं का, सावली आहे का? आणि अजून एक मनापासून विचारते, बंद पडलेलं सगळं बघून उदास नाही ना वाटत तिथे? एवढ्या लांबून येतायत दोघं, त्यांना चांगलं काहीतरी दाखवायचंय.

कॅप्रिकॉर्नकाका

शिंपला, जा. नक्की जा. मी रॉस्लिन बेजवळच्या येप्पूनला अकरा वर्षं काढली, त्यात केप्पलला किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही.

आधी गुडघ्याचं सांगतो, कारण दिवस कसा जाईल ते त्यावरच ठरणार आहे. जेट्टी नाही हे खरं. बोट फिशरमन्स बीचला थेट वाळूला लागते आणि पुढून शिडी किंवा फळी टाकतात, तिच्यावरून खाली यायचं. कधी कोरड्या वाळूत पाय पडतो, कधी घोटाभर पाण्यात, कधी एखादी लाट मध्येच येऊन गुडघ्यापर्यंत भिजवते. इथे भरती-ओहोटीत मोठ्या उधाणाला चार मीटरपेक्षा जास्त फरक पडतो, म्हणजे सकाळी जिथे उतरलात ती जागा दुपारी ओळखू येत नाही. त्यामुळे जायच्या आधी भरतीचं वेळापत्रक बघा आणि फेरीवाल्यांना फोन करून सरळ सांगा की सोबत गुडघेदुखीची बाई आहे, कुठली फेरी सोपी पडेल. ते सांगतात, आणि उतरताना हातही देतात. आईंना पटकन काढता येतील अशा चपला घाला, साडीपेक्षा सलवार बरी. आणि त्यांच्या पुढे तुम्ही उतरा, मागे बाबा, म्हणजे दोन्हीकडून आधार.

दुसरं म्हणजे वारा. वर्षातले बरेच महिने इथे आग्नेयेकडून वारा चालतो आणि जोर धरला की अर्ध्या तासाचा प्रवास पोटातलं सगळं ढवळून काढतो. फिशरमन्स बीच बेटाच्या पश्चिमेला आहे, मुख्य भूमीकडे तोंड करून, म्हणजे एकदा पोचलात की तिथे आडोसा मिळतो, त्रास होतो तो वाटेत. वारा बघून दिवस ठरवा, सुट्टी बघून नाही. हातात दोन-तीन तारखा ठेवल्यात तर उत्तम.

बेटावर १७ बीच आहेत असं म्हणतात. तुम्हाला एक पुरे. आईबाबांना फिशरमन्स बीचवर झाडाखाली बसवा, किनाऱ्याला सावली आहे, एक हलकी घडीची खुर्ची सोबत न्या, वाळूत बसून उठणं गुडघ्याला फार जड जातं. तुम्हाला पाण्यात तोंड घालून बघायचं असेल तर टेकाडावरून मंकी बीचला चालत जा, वीस-तीस मिनिटं लागतात, तिथे प्रवाळ किनाऱ्याच्या अगदी जवळ आहे. लाँग बीचला जायला त्याहून जास्त चालावं लागतं, पण तिथे बहुतेक वेळा अख्ख्या किनाऱ्यावर तुमच्याशिवाय कोणी नसतं. आईंना हे दोन्ही रस्ते नकोत, चढउतार आहे आणि मुळं वर आलेली आहेत.

खायला किनाऱ्याजवळ थोडं काही मिळतं, पण ते रोज उघडं असेल असं गृहीत धरू नका. डबा न्या, पाणी भरपूर न्या. आणि तिथे जे काही उघडं असेल तिथे चहा, आइस्क्रीम, काहीतरी घ्याच. जी तीन-चार कुटुंबं अजून तग धरून आहेत ती त्याच पैशांवर.

भटकभवानी

मी जरा वेगळं सांगते, राग मानू नका. आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो आणि मुलं हिरमुसली. पहिल्या दिवशी वाऱ्यामुळे फेरीच रद्द, दुसऱ्या दिवशी गेलो तर पाणी गढूळ, प्रवाळाचा बराचसा भाग पांढरा नाहीतर शेवाळलेला. फोटोत बघतो तसे रंग शोधत तासभर पोहलो. त्यात जुन्या रिसॉर्टच्या बाजूला गेलं की कुंपण आणि रान. मुलं विचारत होती की आई इथे काय झालं होतं.

आईबाबा एकदाच येणार असतील तर सरळ व्हिटसंडे बेटांवर न्या किंवा बंडाबर्गकडून लेडी मस्ग्रेव्ह बेटावर. पैसे जास्त जातील, प्रवास लांब आहे, पण जाऊन आल्यासारखं वाटेल.

कॅप्रिकॉर्नकाका

भटकभवानी, तुमचं म्हणणं खोटं नाही. प्रवाळाने इथे खूप सोसलंय. २००६ ला पाणी तापून मोठं ब्लीचिंग झालं, म्हणजे प्रवाळ पांढरं पडलं, मग २०११ च्या सुरुवातीला फिट्झरॉय नदीला महापूर आला आणि सगळं गोडं पाणी या उपसागरात आलं, प्रवाळाला गोडं पाणी म्हणजे विषच, उथळ भागातलं भरपूर मेलं. २०१५ ला मार्सिया वादळ. २०२४ ला परत ब्लीचिंग. प्रत्येक वेळी थोडंथोडं सावरतं आणि पुन्हा फटका बसतो. म्हणून प्रवाळ बघायच्या आशेने जाणाऱ्याला मी पण नाही म्हणेन.

पण शिंपलाच्या आईंना प्रवाळ नकोच आहे हो. त्यांना समुद्राजवळ बसायचंय. लेडी मस्ग्रेव्हला त्या वयात बोटीवर उघड्या समुद्रात दोन-अडीच तास जायचे आणि तेवढेच यायचे, ते मला पटत नाही.

हिशोबनीस

उदास वाटतं का हा प्रश्न वाचला म्हणून लिहितोय. मी क्वीन्सलंडमधल्याच दुसऱ्या एका बेटावरच्या रिसॉर्टच्या अकाउंट्समध्ये दोन वर्षं होतो (नाव देत नाही), त्यामुळे ही रिसॉर्टं का बसतात ते आतून बघितलंय.

लोकांना वाटतं मालकाने पैसे खाल्ले किंवा पाहुणे आले नाहीत. पाहुणे यायचे हो. पण बेटावर वीज म्हणजे डिझेलचा जनरेटर, तो रात्रंदिवस चालू, रिसॉर्टमध्ये चार पाहुणे असोत की चारशे. डिझेल बार्जवरून, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवरून येतं. बटाटे, चादरी, गॅस, एसीचा सुटा भाग, सगळं बार्जवरून. कचराही बार्जवरूनच परत पाठवायचा. पाणी स्वतः काढायचं, शुद्ध करायचं, सांडपाण्याची सोय स्वतः करायची, आणि भोवती सगळं मरीन पार्क, म्हणजे संरक्षित समुद्र, त्यामुळे नियम कडक, आणि ते असायलाच हवेत. प्लंबर बोलवायचा तर त्याचा येण्याजाण्याचा दिवस आणि राहायची खोली आपल्या खर्चात. माझ्यासमोर एकदा किचनच्या कोल्डरूमचा कॉम्प्रेसर गेला, जो भाग हवा होता तो किनाऱ्यावर दुसऱ्याच दिवशी आला, पण वारा इतका की बार्ज चार दिवस निघालीच नाही आणि आम्ही अख्खी कोल्डरूम रिकामी करून फेकली. माझ्या शीटमध्ये ती एकच ओळ होती पण त्या महिन्याचा नफा त्या ओळीत गेला.

आणि मग वादळ. वादळाचा इन्शुरन्स दरवर्षी वाढतो, काही वर्षांनी परवडेनासा होतो, मग मालक कमी रकमेचा घेतो, आणि नेमकं त्याच वर्षी वादळ येतं. डंक आयलंड बघा, २००६ ला लॅरी वादळाचा मार बसला, सावरून उभं राहतंय तोवर २०११ ला यासी वादळ. साउथ मोल बेटावरचं २०१७ च्या डेबी वादळाने गेलं. लिंडेमन २०१२ ला बंद झालं, ब्रॅम्प्टन त्याच्या आसपासच. बरं जमीन सरकारची, लीजवर, त्यामुळे बँकही हात आखडते. एकदा बंद पडलं की पुन्हा उघडणं बांधण्याइतकंच महाग, कारण खाऱ्या हवेत लोखंड, वायरिंग, छत, काहीच टिकत नाही. मग ज्याच्या हातात लीज आहे तो नुसता बसून राहतो, विकायची वाट बघत.

केप्पलचंही तेच झालं. ८० च्या दशकात तरुण पोरांच्या पार्टीचं बेट म्हणून त्याची देशभर जाहिरात होती, स्वतःची धावपट्टी होती. रिसॉर्ट बंद झालं २००८ ला. नंतर गोल्फ कोर्स, २५० बोटींची मरीना (बोटी लावायचं बंदर), शेकडो व्हिला असा भलामोठा प्लॅन आला, २०१३ ला सरकारची परवानगीही मिळाली, पण उभं काहीच राहिलं नाही. शेवटी २०२३ ला राज्य सरकारने ती लीजच रद्द केली.

मला विचाराल तर त्या बेटाला मरीना कधीच नको होती. छोट्या खोल्या, सोलर, थोडे पाहुणे, एवढंच तिथे टिकेल. जे मोठ्या स्वप्नामागे न लागता लहान राहिले तेच आज तिथे उरलेत.

पाणकोंबडी

एक गोष्ट राहतेय. ते बेट ओसाड नाहीये, ते वोप्पाबुरा लोकांचं आहे. त्यांची वस्ती तिथे हजारो वर्षं होती, मेंढ्या पाळायला गोरे लोक आले आणि १९०२ ला उरलेल्या शेवटच्या माणसांना तिथून हलवलं. डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टाने त्यांचा नेटिव्ह टायटल, म्हणजे मूळ रहिवासी म्हणून जमिनीवरचा हक्क मान्य केला. ग्रेट केप्पलला ते वोप-पा म्हणतात. आईबाबांना न्याल तेव्हा हे नक्की सांगा, माझ्या सासऱ्यांना सांगितलं होतं तर ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले म्हणजे रिसॉर्टची चाळीस वर्षं म्हणजे तर कालची गोष्ट झाली. मला तेव्हापासून ते कुंपण बघून तेवढं वाईट वाटत नाही.

नोव्हेंबर ते मेमध्ये जात असाल तर जेलीफिशचं विचारून घ्या आणि स्टिंगर सूट (जेलीफिशच्या दंशापासून वाचवणारा अंगभर पोशाख) घाला. लाइफगार्ड आहेत असं समजून मुलांना पाण्यात सोडू नका.

शिंपला

सगळ्यांचे खूप आभार. भटकभवानी, तुमचेही, कारण तुमच्यामुळे अपेक्षा ठेवायची कशाची ते कळलं. हिशोबनीस, तुमचं लिहिलेलं बाबांना फोनवर वाचून दाखवलं, ते आयुष्यभर कारखान्यात स्टोअरला होते, त्यांना कोल्डरूमचं इतकं पटलं की तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

शिंपला (पाच आठवड्यांनी)

जाऊन आलो! सांगायलाच हवं म्हणून परत आले.

आधी ठरवलेला शनिवार वाऱ्यामुळे सोडला आणि काकांचं ऐकून मंगळवारी गेलो, नवऱ्याने रजा टाकली. समुद्र ताटासारखा सपाट. फोन करून ठेवला होता त्यामुळे उतरताना बोटीवरचा मुलगा आईचा हात धरून पाण्यात उभा राहिला, तिचा पाय वाळूत टेकेपर्यंत त्याने हात सोडला नाही. आईला मराठीशिवाय फारसं येत नाही, तिने त्याच्या गालावर हात फिरवला आणि तो लाजला.

खुर्ची नेली होती. आई झाडाखाली बसली ती जवळजवळ तीन तास उठली नाही. आम्ही मंकी बीचला गेलो, प्रवाळ काही ठिकाणी खरंच मेलेलं आहे, वाईट वाटलं, पण एका मोठ्या दगडाच्या कडेला कोवळी फांदीसारखी नवीन वाढ दिसली, टोकं फिकट निळी, बोटाएवढी. तिथेच थांबून बघत बसले.

परत आलो तर आईच्या खुर्चीपासून चार हातांवर एक लांब पायांचा पक्षी पुतळ्यासारखा उभा, बुश स्टोन कर्ल्यू. मोठे पिवळे डोळे. बाबा बघताच म्हणाले अरे हा तर आपल्या करवानकासारखाच, तो गावाला माळावर असायचा. आई म्हणाली तासभर झाला, मी पण हलले नाही आणि तो पण हलला नाही.

जुन्या रिसॉर्टच्या बाजूला बाबा एकटेच चक्कर मारून आले. मी विचारलं, उदास वाटलं का? म्हणाले नाही, धावपट्टीवर गवत छान वाढलंय.

चहा घेतला तिथल्या बाईंना आईने माझ्याकडून विचारायला लावलं की आज किती माणसं आली. त्या म्हणाल्या तुमच्यासकट एकोणीस. मग आईने गरज नसताना अजून चार आइस्क्रीम घ्यायला लावली, आणि चारही आम्हीच खाल्ली.

आता बाबांना तिथे दोन रात्री राहायचंय, जायच्या आधी. काका, लहान खोल्यांपैकी एक घेतली तर किराणा इथूनच सगळा न्यावा लागेल ना, आणि बोटीवर किती सामान चढवू देतात? तांदूळ-डाळ, भाज्या आणि बर्फाचा एक डबा, एवढं होईल.

कॅप्रिकॉर्नकाका

होईल. डबा मोठा असेल तर बुकिंग करतानाच सांगा. भाज्या धुऊन, चिरून न्या, तिथे पाणी जपून वापरावं लागतं. आणि खुर्च्या दोन न्या यावेळी.