दीड वर्षाच्या मुलाची ॲलर्जी टेस्ट – नाशिकमध्ये कुठे करावी?

इंदिरानगरची_आई: एकादशीला मुलाने साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि लगेच ओठ सुजले, गालावर-पोटावर गांधी उठल्या. डॉक्टरांच्या औषधाने उतरलं. त्यांना शेंगदाण्याचा संशय आहे. कोणती टेस्ट करू? बजेट दोन हजार, कॉलेज रोड-गंगापूर रोडकडे चालेल.

पंचवटीकर: दोन हजारांत काही होत नाही. आम्ही दोनशेच्या वर पदार्थांचं पॅनल केलं, बारा हजार गेले. गहू, दूध, वांगं, सगळं निघालं. सगळं बंद केलंय.

नर्सताई_नाशिकरोड: दादा, ते आयजीजीचं पॅनल असेल. आयजीजी म्हणजे तो पदार्थ पोटात गेल्याची खूण, त्यावरून ॲलर्जी ठरत नाही. वाढत्या मुलांचं दूध-गहू असं बंद करू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ताई, तुम्ही फक्त शेंगदाण्याची स्पेसिफिक आयजीई करा, म्हणजे त्या एकाच पदार्थाच्या ॲलर्जीची रक्ताची टेस्ट. तीही पॉझिटिव्ह आली म्हणून ॲलर्जी पक्की होत नाही, खाल्ल्यावर काय झालं ते जास्त महत्त्वाचं.

सिडको_बाबा: शेळीचं दूध सुरू करा. आमच्याकडे फरक पडला.

मखमलाबादकर: विषय शेंगदाण्याचा आहे! आणि गाईचं दूध बाधतं त्या बहुतेक मुलांना शेळीचंही बाधतं, प्रथिनं सारखीच.

सिडको_बाबा: माझ्या मुलाला सोसतंय, एवढंच सांगतोय.

गंगापूररोड_०७: रोज थोडा कूट चाटवा, सवय होईल. 2015 च्या लंडनच्या अभ्यासात हेच दिसलं.

नर्सताई_नाशिकरोड: अजिबात नको! त्यात वर्षाच्या आतली बाळं होती, आधी त्वचेची चाचणी करून घेतलेली. एकदा रिॲक्शन आलेल्या मुलाला पदार्थ पुन्हा देऊन बघायचं ते हॉस्पिटलमध्येच. घरघर, आवाज बसणं, उलट्यांवर उलट्या, मूल मलूल पडणं यातलं काही दिसलं तर 108 लावा. अशा वेळी मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन देतात. सेट्रिझिन या ॲलर्जीच्या औषधाने गांधी जातात, श्वास मोकळा होत नाही. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबा, लक्षणं पुन्हा येऊ शकतात.

पंचवटीकर: मीही तेच म्हणतो, डॉक्टरांना विचारा.

इंदिरानगरची_आई: सगळ्यांचे आभार. आम्ही पुण्याला भावाकडे जाऊन त्वचेची टेस्ट करतोय, निकाल तिथेच मिळतो. आधी काही दिवस सेट्रिझिन बंद ठेवायला सांगितलंय. कूट घरातून काढला. सासूबाई म्हणतात, खिचडीत ओलं खोबरं चालेल. कोणी करतं का तशी?