पॅकीसेफॅलोसॉरस : जाड डोक्याचा की जाड कवटीचा? टक्कर की ढुशी?

प्रश्न :
मंडळी, मदत हवीये. दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी डायनासोरांवर छोटे परिच्छेद लिहितेय, पॅकीसेफॅलोसॉरसपाशी गाडी अडली. ग्रीक नावाचा अर्थ जाड डोक्याचा सरडा, पण तसं लिहिलं की मुलं 'म्हणजे मठ्ठ' म्हणून हसणार. आणि तो डोक्याने मारायचा म्हणतात, त्याला टक्कर लिहू, धडक की ढुशी?

प्रतिसाद १ :
जाड कवटीचा लिहा ना ताई सरळ. जाड आहे ते माथ्यावरचं हाडच, चांगलं वीतभर, 25 सेंटीमीटरपर्यंत. मेंदू त्याखाली छोटासाच, त्यामुळे मठ्ठ म्हणून हसले तरी फार अन्याय नाही :) फक्त ते स्थूलकपाल वगैरे नको, पोरं पुस्तक मिटून खेळायला पळतील.

प्रतिसाद २ :
सेफॅलो म्हणजे आपलं कपालच ना? मग कवटी एकदम बरोबर.

प्रतिसाद ३ :
नाही हो, दिसायला सारखे आहेत पण ग्रीक केफाली (म्हणजे डोकं, त्यावरूनच सेफॅलो) आणि कपाल यांचं मूळ वेगळं मानतात. खरं नातं आहे ते पहिल्या तुकड्याशी, ग्रीक पाखुस म्हणजे जाड आणि संस्कृत बहु एकाच मुळातले. बाकी संस्कृत कपाल म्हणजे कवटी, मराठीत ते भुवयांवर येऊन कपाळ झालं, जुना अर्थ कपाळमोक्षात तेवढा उरलाय. म्हणून जाड कपाळाचा लिहू नका, त्या जाड हाडाचा घुमट कपाळापासून पार टाळूपर्यंत जातो.

प्रतिसाद ४ :
ढुशीबद्दल बोलतो, गुरंढोरं बघत वाढलोय. ढुशी म्हणजे डोकं खाली घालून मारणं, वासरू कासेला देतं तीही ढुशी आणि बोकड बेसावध माणसाच्या कुशीत मारतो तीही. टकरीला दोघं लागतात, एडके कसे समोरासमोर येऊन डोक्यावर डोकं आपटतात तसं. धडक काय, एसटीचीही बसते. आता गंमत बघा, शास्त्रज्ञांचं भांडण नेमकं ह्यावरूनच आहे! 1955 मध्ये कोलबर्ट यांनी टक्करवाली कल्पना मांडली, मग काहींनी म्हटलं की घुमट गोल, डोकी एकमेकांवरून घसरतील, त्यापेक्षा तो समोरच्याच्या कुशीत मारत असेल, म्हणजे आपली ढुशीच की. 2004 मध्ये गुडविन आणि हॉर्नर यांनी हाडाचे पातळ काप करून बघितले आणि म्हणाले टक्कर वगैरे काही नाही, घुमट आपल्यातला कोण ते ओळखायला आणि मिरवायला. मग 2013 मध्ये शंभरावर घुमट तपासले गेले, त्यातल्या साधारण पाचातल्या एकावर जखमेच्या खुणा निघाल्या, म्हणजे डोक्याला मार तर बसत होता. माझं मत ढुशीला, आणि क्रियापद 'द्यायचा' नको, 'देत असावा' ठेवा.

प्रतिसाद १ :
+१ ढुशी. आणि पिल्लांचं टाका की ताई. ड्रॅकोरेक्स म्हणून 2006 मध्ये वेगळा डायनासोर जाहीर झाला, चपटं डोकं, मागे काटे. 2009 मध्ये हॉर्नर-गुडविन म्हणाले हे तर पॅकीचंच पोर, मोठं होताना काटे झिजतात नि घुमट फुगतो. सगळ्यांना नाही पटलेलं, पण मुलांना जाम आवडेल.

प्रतिसाद ५ :
उच्चार पॅकीच ना? घरी लेक पॅची-पॅची करते.

प्रतिसाद ३ :
पॅकीच. हत्ती-गेंड्यांना पॅकीडर्म म्हणतात, जाड कातडीचे, त्यातलाच हा पॅकी.

प्रश्नकर्ती :
सगळ्यांचे आभार! असं केलंय, बघा :
'हा पॅकीसेफॅलोसॉरस, म्हणजे जाड कवटीचा सरडा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो अमेरिकेत टी-रेक्सच्याच शेजारी राहायचा. दोन पायांवर चालायचा, झाडपाला खायचा. त्याच्या डोक्यावर हाडाचं मोठ्ठं टेंगूळ होतं आणि मागे गाठींची झालर. भांडण झालं की तो ढुशी देत असावा.'

प्रतिसाद ४ :
टेंगूळ मस्त, पण मार बसल्यावर येतं ते टेंगूळ, ह्याचं आपोआप वाढलेलं, म्हणून घुमटच बरा. आणि 'म्हणजे सरडा' नको, 'नावाचा अर्थ जाड कवटीचा सरडा' लिहा, नाहीतर वर्गात एखादं चोखंदळ पोरगं उठून सांगेल की डायनासोर सरडे नव्हतेच.