आयोग शिफारस करतो, ऑर्डर विभाग काढतो

वर एका ताईंनी लिहिलंय की, निकाल लागून आठ महिने झाले तरी एमपीएससी (महाराष्ट्र लोकसेवा आयोग) नेमणूक देत नाही, आता बेलापूरला आयोगाच्या कार्यालयात जाऊन ठाण मांडायला हवं. ताई, राग अगदी रास्त, पण दार चुकतंय.

घटनेच्या कलम ३२० नुसार परीक्षा घेणं हे आयोगाचं काम. निकालानंतर तो फक्त शिफारस करतो. कागदपत्र तपासणी, वैद्यकीय, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आणि शेवटी नेमणुकीची ऑर्डर, हे सगळं ज्या सरकारी विभागात पद आहे त्या विभागाकडे. आधीचं टोकही तिथेच: बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचं, याचा तक्ता, म्हणजेच रोस्टर) तपासून, पदं भरा असं विभागाचं मागणीपत्र आयोगाकडे गेल्याशिवाय जाहिरात निघत नाही. मी एका विभागाच्या आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-बढत्या बघणाऱ्या शाखेत होतो (आता ऐरोलीत निवांत), तिथे एका मागणीपत्राची फाईल केवळ रोस्टरवर एक सही राहिली म्हणून साडेचार महिने कपाटावर होती. वर कुणाचा तरी जेवणाचा डबा ठेवलेला असायचा.

आयोगाची दुसरी कामं कुणाच्या खिजगणतीत नसतात. सेवाप्रवेश नियम, बढतीची तत्त्वं, शिस्तभंगाची प्रकरणं यांवर त्याचा सल्ला घ्यायचा असतो. तो सरकारवर बंधनकारक नाही, पण डावलला तर कारण द्यावं लागतं: कलम ३२३ प्रमाणे आयोगाचा वार्षिक अहवाल कारणांच्या ज्ञापनासह विधिमंडळात ठेवावा लागतो. तो वाचतं कोण, ते सोडा.

तर ताई, बेलापूरची लोकल पकडण्याआधी विभागाच्या आस्थापना शाखेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ‘शिफारस कोणत्या तारखेला मिळाली आणि फाईल सध्या कोणाच्या टेबलावर आहे’, एवढंच विचारा.